सिफूंचा डावा हात

माझ्या टेबलाशी येणारे आपल्याकडचे बहुतेक बाबा वर्गाची वेळ विचारायच्या आधी एक गोष्ट सांगतात. "कुंग फू मूळचं आपलंच, बरं का. आपला एक भिक्खू चीनला गेला आणि त्याने त्यांना शिकवलं." मग मुलांकडे वळून तेच इंग्रजीत सांगतात. मुलं तोवर आरशात बघून लाथा मारायला लागलेली असतात.

मी पाच वर्षं या कुंग फूच्या शाळेत काम करते. शाळा म्हणजे अर्विंग गावातल्या एका स्ट्रिप मॉलमधली, दुकानांच्या ओळीतली लांबट खोली आहे. एका बाजूला देशी ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला दाताचा दवाखाना. आत एक अख्खी भिंत आरशाची. माझी आई त्या ग्रोसरीत काम करते, बाबा एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये. मी तेरा वर्षांची असताना आम्ही इचलकरंजीहून इथे आलो. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शाळेच्या दारावर 'मदतनीस हवा' असा कागद लागलेला आईने पाहिला आणि मला पाठवलं. फोन घेणं, फरशी पुसणं, लहान मुलांच्या कमरेचे पट्टे बांधणं असं माझं काम होतं. फरशी पुसता पुसता मी शिकायला लागले, आणि आता शनिवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग घेते.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक काकूंनी "तुझ्या नोकरीबद्दल लिही" म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. पाच वर्षांत कसला अनुभव, असं वाटलं. पण त्यातली एक गोष्ट मला कधीतरी नीट लिहायची होती. ती इंग्रजीत लिहून पाहिली, जमली नाही, कारण तिचा पुरावा मराठीत आहे.

आधी थोडं कामाबद्दल. आमच्या शिक्षकांना आम्ही सिफू म्हणतो. शिकवणारा आणि वडील असं दोन्ही त्यात येतं. सिफू दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून तरुणपणी इथे आले. मी ओळखते तेव्हापासून ऐंशीच्या पुढचे. बुटके, ताठ, फार कमी बोलणारे. एकदा मी डब्यातली बाबांनी केलेली भरली वांगी त्यांना दिली. त्यांनी सावकाश खाल्ली, देठसुद्धा चोखला आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांचं कुंग फू चांगलं आहे." मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी समजावलं की कुंग फू या शब्दात मारामारी नाहीच. वेळ देऊन, घाम गाळून हातात आलेलं कसब म्हणजे कुंग फू. ते सुताराचं असतं, आचाऱ्याचं असतं. लढण्याच्या विद्येला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत.

त्या भिक्खूचंही मी त्यांना विचारलं होतं. "चांगली गोष्ट आहे," ते म्हणाले. "आमच्या गावात भात पिकायचा. भात चोरायला लोक यायचे. म्हणून आम्ही शिकायचो." कॉलेजात मी याच विषयावर एक पेपर लिहिला. तेव्हा वाचलं की चीनमध्ये सैनिक, पहारेकरी आणि कुस्ती खेळणारे त्या भिक्खूच्या कितीतरी आधीपासून होते, आणि त्याची गोष्ट बरीच नंतर कुणीतरी लिहिली. हे मला टेबलाशी आलेल्या बाबांना सांगायला अजून जमत नाही. मी हसते आणि अर्ज पुढे करते.

आमच्याकडे शिकवण्याचा कणा म्हणजे फॉर्म. ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या. समोर कोणी नसतं, पण असल्यासारखा मार अडवायचा आणि द्यायचा. पहिल्या वर्षी मला हा नाच वाटायचा. मग एक दिवस सिफू माझ्यासमोर आले आणि मी जिथे हात मारत होते तिथल्या हवेत त्यांनी बोट ठेवलं. "खूप खाली. त्याचा गळा इथे आहे."

"कोणाचा, सिफू?"

"उंच होता तो," ते म्हणाले. जराशाने म्हणाले, "मेला असेल. खूप वर्षं झाली."

त्यांचं म्हणणं असं की कोणतीच हालचाल कुणी बसून रचलेली नसते. कधीतरी, कुठल्यातरी बांधावर, खराच एक माणूस समोर आला होता. तो गेला, मारणाराही गेला. हालचाल तेवढी उरली. त्या दिवसानंतर भर दुपारी रिकाम्या खोलीत सराव करतानासुद्धा मला एकटं वाटलेलं नाही.

आणि एक रीत. सिफूंनी पुढे उभं राहून करायचं, आपण मागे उभं राहून तसंच करायचं. विचारायचं नाही. त्यांनी स्वतः लहानपणी त्यांच्या सिफूंना एकदाच "असं का" विचारलं होतं, तर गुडघे वाकवून इतका वेळ उभं राहायला लावलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. "का ते नंतर कळतं," ते सांगायचे. "आधी तसंच्या तसं. स्वतःचं काही घालायचं नाही." आमच्याकडे एखाद्याला सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे, तू अगदी सिफूंसारखं करतोस.

त्यांच्याकडे एक लांब फॉर्म होता, एकशे वीस हालचालींचा. त्यांच्या गावात तो येणारं कोणी उरलेलं नव्हतं, इथेही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हा अकरा जणांना निवडलं आणि सांगितलं, हा तुम्ही घ्या, सगळा घ्या, मी आहे तोवर. व्हिडिओ काढायचा नाही. कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते, म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी अकरा वाजता आम्ही त्यांच्या मागे उभे राहायचो. आमच्यात सर्वांत जुना मार्कस. टपाल वाटण्याचं काम करतो, सहा फूट उंच, स्वभावाने मऊ. सर्वांत नवी मी. मला लक्षात राहत नाही म्हणून घरी गेल्यावर मी एका वहीत लिहून ठेवायचे, मराठीत, कारण शरीराबद्दलचे शब्द मला मराठीतच लवकर सुचतात. 'उजवा तळवा पुढे, कणीक दाबल्यासारखा.' 'डावी मूठ कमरेशी.' पानाच्या कोपऱ्यात तारीख.

गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी बेचाळिसाव्या हालचालीला सिफूंची डावी मूठ कमरेशी आली नाही. हात उघडा होता आणि मांडीजवळ लोंबत होता. आम्ही अकरा जणांनी तसंच केलं. घरी येऊन मी वही उघडली. वहीत मूठ होती. मला आपलीच लाज वाटली, इतके महिने मी चुकीचं करत होते आणि सिफूंनी काही म्हटलंसुद्धा नाही. मी 'मूठ कमरेशी' खोडलं आणि लिहिलं, 'हात उघडा, खाली सोडलेला.'

सप्टेंबरात डावा पाय उचलून टाकायच्या ऐवजी जमिनीवरून घासत आला. तेही खोडलं, नवीन लिहिलं. मार्कस म्हणाला, "आता सिफू आतलं शिकवायला लागले. इतके दिवस वरवरचं होतं." आम्हाला सगळ्यांना ते पटलं. ऑक्टोबरात एका जागी सिफू थांबले. पूर्ण थांबले, दोन श्वास, मान किंचित कललेली. आरशात त्यांचे डोळे उघडे होते. आम्ही सगळे थांबलो. मग ते पुढे निघाले, आम्ही निघालो. ते थांबणं मला इतकं गंभीर वाटलं की वहीत त्याच्यापुढे मी अर्थसुद्धा लिहिला: 'शत्रू पाठीमागे आला आहे, त्याची चाहूल घेणं.' हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तो लहान मुलांना शिकवला.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी विद्या मावशी थांबल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, आजारातून उठलेल्यांना पुन्हा चालायला शिकवतात अशा एका रिहॅब सेंटरमध्ये नर्स आहेत. त्यांची मुलगी अन्वी माझ्या दहाच्या वर्गात येते. एरवी त्या तिला घेऊन लगेच जातात, पण त्या दिवशी अन्वीचा एक बूट सापडत नव्हता. तो शोधेपर्यंत आमचा वर्ग सुरू झाला आणि त्या भिंतीकडच्या बाकावर बसून बघत राहिल्या. मी आरशात त्यांना पाहिलं. आधी त्या कौतुकाने बघत होत्या. बेचाळिसावी हालचाल झाल्यावर त्यांच्या हातातला फोन तसाच राहिला. थांबण्याच्या जागी त्या उठून उभ्या राहिल्या.

मला खुणेने दाराशी बोलावलं. वर्ग चालू असताना रांग सोडायची नसते, मी सोडली.

"अगं, तुमच्या सरांना हे कधीपासून होतंय?"

"काय, मावशी?"

"डावी बाजू."

"ते फॉर्ममध्ये आहे."

अन्वी म्हणाली, "इट्स पार्ट ऑफ इट, आई. एनिमी इज बिहाइंड यू."

विद्या मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी रोज हे बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण एका वेळी एक माणूस बघते. आधी मला कळेचना की पेशंट कोण आहे. त्या उंच माणसाचं तोंड बघ."

मी मार्कसकडे पाहिलं. त्याच्या ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. त्याच्यामागच्या बाईचाही. मी सिफूंचा चेहरा आरशात शोधला आणि तोही तसाच होता. कधीपासून, ते मला सांगता येईना. मी माझ्या गालाला हात लावून पाहिला.

"त्यांना दोन्ही हात समोर वर करायला सांग," मावशी म्हणाल्या. "आत्ता. मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत."

पाच वर्षांत मी सिफूंना काही करायला सांगितलं नव्हतं. मी पुढे जाऊन त्यांच्या आणि आरशाच्या मधे उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रस्त्यात आडवी आलेली कुणी आहे. "सिफू, दोन्ही हात वर कराल का? समोर, खांद्याइतके. आणि डोळे मिटाल?"

त्यांनी का ते विचारलं नाही. हात वर केले, डोळे मिटले. उजवा हात होता तिथे राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला, पाण्यात काहीतरी बुडावं तसा, त्यांच्या नकळत.

आणि त्यांच्यामागे दहाही जणांनी हात वर केले होते, डोळे किलकिले ठेवून. दहा डावे हात एकत्र, त्याच वेगाने खाली येत होते.

मावशींनी तोवर ॲम्ब्युलन्ससाठी ९११ ला फोन लावला होता. सिफू डोळे उघडून म्हणाले, "वर्ग संपलेला नाही." शब्द जड येत होते. ते जडपण आम्हाला त्यांचा उच्चार वाटत आलं होतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांची मुलगी ग्रेस ह्यूस्टनहून गाडी चालवत आली. ती महिन्यातून एकदा यायची. तिच्यासमोर ते बसून चहा प्यायचे, फॉर्म करायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत लहान लहान झटके येऊन गेले आहेत, एक नाही, बरेच. कधी सुरू झालं ते कळलं तर बरं होईल. ग्रेसने आमच्याकडे पाहिलं. आठवड्यातून एकदा तासभर त्यांच्या प्रत्येक बोटाकडे बघणारी आम्हीच अकरा माणसं होतो. कुणालाच सांगता येईना.

माझ्या बॅगेत वही होती. मी ती काढली आणि खोडलेल्या ओळी, शेजारच्या तारखा डॉक्टरांना इंग्रजीत वाचून दाखवल्या. ऑगस्ट, डावा हात. सप्टेंबर, डावा पाय. ऑक्टोबर, दोन श्वास थांबणं. डॉक्टर लिहून घेत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी मान वर केली. "त्या दोन श्वासांत ते बहुधा तिथे नव्हते," ते म्हणाले. "पुढे काही लिहिलंय का?"

चाहूल घेण्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. "एवढंच आहे," म्हटलं.

कॉरिडॉरमध्ये ग्रेस मला म्हणाली, "तुला ते दिसलं होतं. तारखेसकट दिसलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. मी तिला रीत समजावून सांगायला लागले आणि दोन वाक्यांनी थांबले.

सिफू वाचले. डावा हात गेला, बोलणं थोडं राहिलं. पुढच्या शनिवारी आम्ही स्वतःच जमलो आणि ठरवलं की वहीतलं खोडलेलं पुन्हा आणायचं. मूठ कमरेशी, पाय उचलून, न थांबता. हे दहा मिनिटांचं काम वाटलं होतं. पण आम्ही ते इतकं चांगलं शिकलो होतो की अंग ऐकेना. बेचाळिसाव्या हालचालीला हात माझ्या परवानगीशिवाय खाली जायचा. एकदा आई ग्रोसरीतून येताना माझ्या मागून चालत होती. ती म्हणाली, "पाय का ओढतेस गं?" मी ओढत नव्हते. मी खाली पाहिलं, ओढत होते. आईने त्याच आठवड्यात मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि काहीच निघालं नाही. हिवाळा संपेपर्यंत आमचे हात कमरेशी आले.

पण त्या हिवाळ्यात आणखी एक शंका सुरू झाली, ती गेलेली नाही. सतराव्या हालचालीत आम्ही मान डावीकडे वळवतो. तिथून कोणी मारायला येत नाही, हालचालीला तिचा उपयोग नाही. एका शनिवारी रिहॅबमध्ये मी सिफूंना ती करून दाखवली आणि रीत मोडून विचारलं, "ही कशासाठी?"

त्यांनी उजव्या हाताने डावा कान दाबला. "माझे सिफू," ते म्हणाले. "हा बहिरा." समोरच्या नदीच्या बाजूने हाक आली की ते चांगला कान पुढे करायचे, असं मला तुकड्यातुकड्यांत समजलं. पण हे सांगताना सिफूंच्याच चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटतं, त्यांनी हे याआधी कधी जोडून पाहिलं नव्हतं. साठ-सत्तर वर्षं ते एका बहिऱ्या कानाला मान देत आले होते, आणि आम्ही अर्विंगमध्ये, दाताच्या दवाखान्याशेजारी, त्या नदीकडे कान करत होतो. त्यांच्या सिफूंनी आणखी कुणाचं काय उचललं असेल ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये ते व्हीलचेअरवरून शाळेत आले. आम्ही फॉर्म केला. एकशे आठपर्यंत आम्हाला येत होता. शेवटच्या बारा हालचाली ते आजारी पडले तेव्हा शिकवायच्या राहिल्या होत्या. आम्ही एकशे आठवर थांबलो. त्यांनी खुर्ची पुढे न्यायला सांगितली, आमच्याकडे पाठ केली आणि बसल्या बसल्या त्या बारा हालचाली दाखवल्या. उजवा हात आणि कंबर. पाय त्यांनी एकेक शब्दात सांगितले. तीन शनिवार लागले.

तिसऱ्या शनिवारी मी विचारलं, "आणि डावा हात, सिफू?"

त्यांनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तसं बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली. त्यांना तो आठवत होता आणि सांगता येत नव्हता, की आठवतच नव्हता, हे मला आजही माहीत नाही. मेमध्ये ते ग्रेसकडे ह्यूस्टनला राहायला गेले. जूनमध्ये तिथेच वारले.

मार्कसचं म्हणणं होतं की जागा रिकामी ठेवू नये. "मूठ कमरेशी घेऊ. इतर सगळीकडे तसंच आहे. साहजिक आहे ते."

"पण ते त्यांनी दाखवलं नाही," मी म्हणाले.

"मग शिकवणार काय तू लोकांना, यार?" हे 'यार' तो आमच्या वर्गातल्या मुलांकडून शिकलाय.

"हेच, की माहीत नाही."

वहीत शेवटच्या बारा ओळींपुढे मी तेच लिहिलं आहे. डावा हात, माहीत नाही. बारा वेळा. तिथे आम्ही हात नुसता सोडतो आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी आधी सांगते की हे लोंबणं फॉर्ममधलं नाही, इथे काहीतरी होतं, ते आमच्याकडून राहिलं. विद्यार्थी मान डोलावतात. महिन्याभरात त्यांचा हात फार सुंदर लोंबायला लागतो.

परवाच्या शनिवारी एक नवे काका मुलाला घेऊन आले होते, पुण्याहून बदली होऊन आलेले. बाकावर बसून आमचा सराव बघत होते. शेजारच्या बाबांना म्हणाले, "तो डावा हात बघा. मुद्दाम खाली ठेवतात. समोरच्याला वाटतं हा दुबळा आहे, आणि मग वार. फार प्राचीन युक्ती आहे ही."

मी रांग सोडून त्यांच्याकडे गेले. "काका, तसं नाहीये," म्हटलं, आणि सिफूंचं सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर," ते म्हणाले. "तुम्हाला आतलं बाहेर सांगायची परवानगी नसणार."

मी परत माझ्या जागी गेले. शेवटच्या बारा हालचाली सुरू झाल्या. आरशात जुन्या-नव्या सगळ्यांचे डावे हात सुटलेले दिसत होते. मागे बाकावर काकांनी आपला फोन उजव्या हातात घेतला, आणि बसल्या बसल्या डावा खाली सोडून पाहिला.